वर्ग सुरू, लक्ष भलतीकडे: वाचकांचे प्रश्न

मे महिना लागला की नागपुरात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. शाळांना सुट्ट्या असतात, पण दहावी-बारावीच्या शिकवणीवर्गांना नसतात, आणि ऊन तापू लागले की त्यांपैकी अनेक वर्ग ऑनलाइन भरतात. या महिन्यात आलेल्या पत्रांतील निम्म्याहून अधिक पत्रे याच विषयाची असल्यामुळे इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न: माझा मुलगा यंदा दहावीत गेला. त्याच्या क्लासने उन्हामुळे दुपारची बॅच ऑनलाइन केली असून ती बारापासून तीनपर्यंत सलग चालते. घरात कूलर एकाच खोलीत आहे, म्हणून तो तिथेच लॅपटॉप घेऊन बसतो. मागच्या आठवड्यात पाणी द्यायला गेले, तर कोपऱ्यात सरांची एवढीशी चौकट आणि बाकीच्या पडद्यावर क्रिकेटचा गेम! विचारले तर म्हणतो, ‘ऐकून राहिलो ना आई.’ तेव्हापासून मी शेजारी खुर्ची टाकून बसते आणि रोज भांडण होते. मी बसावे का? फोन काढून घ्यावा का? नजर ठेवणारे अ‍ॅप टाकावे का?
(एक आई, मानेवाडा)

उत्तर: शेजारची खुर्ची आजच उचला. पंधरा वर्षांच्या मुलाजवळ रोज तीन तास पहारा देणे कोणत्याही आईला झेपणारे नाही, आणि झेपले तरी त्यातून तो एवढेच शिकेल की आईची चाहूल लागली की पडद्यावरची खिडकी कशी बदलायची. लॅपटॉपवर त्यासाठी दोन कळा पुरतात आणि मुलांना त्या कुणी शिकवाव्या लागत नाहीत.

‘ऐकून राहिलो’ हे त्याचे म्हणणे मात्र अगदीच खोटे समजू नका. सरांचा आवाज त्याच्या कानांवर पडत असतो, नाव पुकारले की तो ‘येस सर’ म्हणतो, आणि आपण दोन्हीकडे आहोत असे त्याला मनापासून वाटत असते. प्रत्यक्षात लक्ष लागणारी दोन कामे मेंदू एका वेळी करत नाही. तो एकावरून दुसऱ्याकडे जात-येत राहतो आणि दर खेपेला मागचा धागा सापडण्यात वेळ जातो. इतिहासाच्या तासाला हे एकवेळ खपून जाईल. बीजगणितात वर्गसमीकरणाची एक पायरी हुकली की पुढच्या साऱ्या पायऱ्या अगम्य होतात, काही कळेनासे झाले की कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की हात आपसूक गेमकडे वळतो. म्हणजे पुष्कळदा आधी पायरी हुकते आणि मग गेम उघडतो. आपल्याला मात्र फक्त गेम दिसतो, म्हणून आपण त्यालाच कारण धरून बसतो.

तुमच्या मुलाच्या बाबतीत काय घडते आहे हे पडद्यावरून कळणार नाही, वहीवरून कळेल. संध्याकाळी, घरात वातावरण निवलेले असताना, त्या दिवसाची वही त्याच्याकडून मागून घ्या. वर तारीख, खाली दोनदा अधोरेखित केलेले शीर्षक, पहिले उदाहरण पूर्ण सोडवलेले, दुसरे बरोबरच्या चिन्हापाशी थांबलेले आणि पुढे समासात पेनाने गिरवून काढलेली बॅट, असे काही दिसले तर रागावू नका. जिथे लिहिणे थांबले तिथे बोट ठेवून ‘इथे काय अडले?’ एवढेच विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा, ते लगेच येणार नाही. बॅटबद्दल काही न बोलण्याचा संयम तुम्ही दाखवलात, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तो स्वतःच सांगू लागण्याची शक्यता बरीच आहे.

आता त्या तीन तासांबद्दल. टाळेबंदीच्या काळात, जुलै २०२० मध्ये, केंद्र सरकारने ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ या नावाने मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी तशीच जास्तीत जास्त चार सत्रे सुचवलेली होती. त्या सूचना शाळांसाठी होत्या आणि खासगी क्लासवर त्यांचे बंधन नाही, हे खरे. तरीही दिवसभराच्या शाळेसाठी जी कमाल मर्यादा सुचवली गेली, ती एकट्या क्लासने एका बैठकीत संपवावी हे मला पटत नाही. तुम्ही चार-पाच पालकांनी मिळून संचालकांना भेटा आणि दर ४५ मिनिटांनी दहा मिनिटांची सुट्टी मागा. एकट्या पालकाच्या फोनला क्लासमध्ये फारशी दाद मिळत नाही. त्या सुट्टीत मुलाने उठून माठातले पाणी प्यावे, दोन फेऱ्या माराव्यात, डोळ्यांवर पाणी मारावे. सुट्टीत त्याने फोन हातात घेतला, तर ती सुट्टी झाली असे समजू नये.

‘मुलाला अभ्यासासाठी स्वतंत्र खोली द्या’ हा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना कूलर नसलेल्या खोलीत मुलाला बसवण्याचा सल्ला नागपूरकर पालकांना देण्याचे धाडस मी करणार नाही. दुपारी सारे घर कूलरच्या खोलीत जमणारच, आजी तिथेच आडवी होणार आणि धाकटी टीव्ही लावणार. प्रश्न टीव्हीचा आहे. कॅनडातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात असे आढळले होते की, व्याख्यान सुरू असताना लॅपटॉपवर दुसरे उद्योग करणाऱ्या विद्यार्थ्यांना नंतरच्या चाचणीत कमी गुण मिळालेच, पण ज्यांना मागच्या बाकावरून तो दुसऱ्याचा पडदा दिसत होता त्यांचेही गुण घसरले. त्यामुळे वर्गाच्या वेळेत खोलीतला टीव्ही बंद राहिला पाहिजे. तुमचा टीव्ही लॅपटॉपला केबलने जोडता येत असेल, तर याहून चांगली सोय आहे: वर्गच टीव्हीवर लावा, लॅपटॉप बाजूला ठेवा आणि मुलाला वही घेऊन हातभर नव्हे, चांगले सहा-सात फूट लांब बसवा. कळफलक हाताशी नसला की खिडक्या बदलण्याचा मोह निम्म्याने कमी होतो, डोळ्यांवरचा ताण उतरतो आणि धाकटीलाही टीव्ही मिळत नाही. कूलरच्या घरघरीत सरांचे शब्द नीट ऐकू येत नसतील, तर इअरफोन घ्यावा. ऐकू न येणे हे लक्ष उडण्याचे फार साधे आणि फार दुर्लक्षित कारण आहे.

फोनविषयी सांगायचे, तर जप्ती नको. वर्ग सुरू होताना फोन स्वयंपाकघरात किंवा फ्रिजवर ठेवला जाईल आणि तीन वाजता एकही प्रश्न न विचारता परत मिळेल, हे ठरवून टाका आणि तीन वाजता तो खरोखर परत द्या. गेमसाठी चार ते पाच अशी उघड वेळ दिलीत, तर चोरून खेळण्यातली निम्मी गंमत जाते. लॅपटॉपवर वर्गासाठी वेगळे खाते उघडता येते, त्यात गेम आणि समाजमाध्यमे नसावीत; हे खाते त्यालाच तयार करू द्या, तुमच्यापेक्षा ते त्याला लवकर जमेल. नजर ठेवणारे अ‍ॅप त्याच्या नकळत टाकू नका. ते त्याला कळल्याशिवाय राहत नाही, आणि कळल्यावर तुम्ही कमावलेला विश्वास परत मिळवण्यात पुढचे वर्ष जाईल. दहावीचे वर्ष त्यासाठी नाही.

क्लास रेकॉर्डिंग देत असेल, तर या साऱ्या खटपटीला एक पर्याय आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ ही खरी अभ्यासाची वेळ. कठीण विषयाचा तास त्या वेळी, हवा तिथे थांबवून, वही समोर घेऊन पाहता येतो.

प्रश्न: मी अकरावीत आहे आणि नीटची तयारी करते. माझे बहुतेक शिकणे रेकॉर्डेड लेक्चरवर चालते. बायोलॉजीचे लेक्चर लावते, मध्येच शॉर्ट्स सुरू होतात आणि भानावर येते तेव्हा तास गेलेला असतो. मग बॅकलॉग भरून काढायला रात्री एक वाजेपर्यंत दुप्पट वेगाने लेक्चर पाहते. सकाळी डोके जड असते. माझ्या मैत्रिणींचे सगळे वेळेवर होते. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?
(एक विद्यार्थिनी, नंदनवन)

उत्तर: मैत्रिणींचे सगळे वेळेवर होते, हे तुला त्यांनी सांगितलेले आहे, तू पाहिलेले नाहीस. शालेय शिक्षणाचा देशभर आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटाची पाहणी आहे. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरल्याचे ५७ टक्के मुलांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्क्यांनी. शहरात चित्र फार निराळे असेल असे मला वाटत नाही. तेव्हा स्वतःला एकटी समजू नकोस.

इच्छाशक्तीचा हिशेब सध्या बाजूला ठेव. एक व्हिडिओ संपण्याआधी दुसरा तयार असतो, खाली सरकवत गेले तर तळ लागत नाही, आणि कुठे थांबावे हे सांगणारी एकही खूण तिथे मुद्दामच ठेवलेली नसते. आवर घालण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, त्यामुळे तुझ्या वयात ही ओढ मोडणे मोठ्यांपेक्षा कठीण जाते. मोठ्यांनाही ते जमते असे त्यांच्याकडे पाहून वाटत नाही, ही गोष्ट वेगळी. म्हणून मोहाशी रोज झुंजण्यापेक्षा तो समोर येणार नाही अशी तजवीज कर. आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीच्या लेक्चरची नावे कागदावर लिहून ठेव, ती फोनवर आधीच उतरवून घे आणि पाहताना नेट बंद ठेव. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद बंद करून जुनी नोंद पुसून टाकलीस, तर त्याचे पहिले पान जवळपास रिकामे दिसू लागते. आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारे बटणही बंद कर. हे सगळे करायला दहा मिनिटे लागतील.

त्या दुप्पट वेगाबद्दल मला जास्त काळजी वाटते. लेक्चर पाहून झाले म्हणजे अभ्यास झाला, असा तुझा समज झालेला दिसतो. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी तो एकदा वाचून पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून पाहणाऱ्यांच्या बरेच जास्त लक्षात राहिले होते. तुला परीक्षा पाच मिनिटांनी द्यायची नाही. रक्ताभिसरणाचे लेक्चर असेल, तर वीस-पंचवीस मिनिटांनी ते थांबव, कोऱ्या कागदावर हृदयाचे चार कप्पे काढ, कोणती झडप कुठे आणि कोणते रक्त कोणत्या वाहिनीतून जाते ते न पाहता लिही, मग पुस्तकाशी ताडून पाहा. याने वेग कमी होईल आणि बॅकलॉग वाढल्यासारखा वाटेल. वाढू दे. साठलेल्या लेक्चरपैकी जो भाग पुस्तकावरून समजतो, त्यावर सरळ काट मार.

आणि एक वाजता झोपणे बंद कर. १३ ते १८ वयोगटाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञांच्या अमेरिकी संस्थेने म्हटले आहे. या वयात झोप मुळातच उशिरा येऊ लागते, त्यात उशाशी फोन असला की ती आणखी लांबते. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव आणि गजरासाठी शंभर-दोनशे रुपयांचे घड्याळ आण; सीताबर्डीवर मिळते. नीटला तीन तासांत १८० प्रश्न असतात आणि तेवढा वेळ एका जागी लक्ष टिकवण्याची सवय अर्धवट झोपेत लागत नाही.

प्रश्न: मी एका क्लासमध्ये विज्ञान शिकवतो. पडद्यावर चाळीस काळे चौकोन असतात. ज्यांचे कॅमेरे सुरू आहेत, त्यांतील काहींच्या चष्म्याच्या काचांत रंग भराभर बदलताना दिसतात. माझा फळा तर पांढरा असतो. सर्वांना कॅमेरा सक्तीचा करावा का?
(एक शिक्षक, हिंगणा रोड)

उत्तर: सक्ती करू नये, असे माझे मत आहे. एका खोलीच्या घरात मागे आई भांडी घासत असते, कुणाचे वडील रात्रपाळी करून झोपलेले असतात, कुणाचा डेटा दुपारपर्यंत संपत आलेला असतो. हे सगळे चाळीस मुलांसमोर उघडे करण्याची वेळ कुणावर येऊ नये. शिवाय कॅमेऱ्यात मान सरळ ठेवून दुसरीकडे पाहण्याचे तंत्र मुलांनी केव्हाच साधले आहे, हे आपणच चष्म्यांच्या काचांत वाचले आहे.

चाळीस मिनिटांचे सलग व्याख्यान प्रत्यक्ष वर्गात जसे चालते तसे पडद्यावर चालत नाही, कारण वर्गात आपण बाकांमधून फिरत असता आणि त्या फिरण्याने निम्मे काम होत असते. म्हणून दर आठ-दहा मिनिटांनी एक असा प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर प्रत्येकाने चॅटमध्ये फक्त आपल्याला दिसेल असे लिहायचे आहे. ‘समजले का?’ हा प्रश्न त्यात येत नाही. त्याला ‘हो सर’ या उत्तराखेरीज दुसरे उत्तर नाही. ‘या किरणाकृतीत प्रतिमा कुठे मिळेल?’ असे काहीतरी हवे. तास संपल्यावर वहीच्या पानाचा फोटो मागवावा आणि रोज चाळीस तपासण्याऐवजी कोणतेही पाच तपासावेत. कोणते, ते आधी सांगू नये.

प्रश्न: मुलगा सतरा वर्षांचा आहे. गेले वर्षभर ऑनलाइन वर्गाला बसल्यासारखे करतो, पण प्रत्यक्षात दिवसरात्र गेम खेळतो. मित्र तुटले, बारावीची चाचणी परीक्षा दिली नाही. फोन मागितला तर अंगावर येतो. माझ्या खात्यातून दोनदा पैसे गेले आहेत. वेळापत्रक लावून पाहिले, उपयोग झाला नाही.
(एक वडील, कामठी रोड)

उत्तर: तुमचा प्रश्न वरच्या तिन्हींपेक्षा वेगळा आहे आणि तो वेळापत्रकाने सुटणार नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, या लक्षणांना जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणून स्थान आहे. तुमच्या मुलाला तो आहे की नाही हे पत्रावरून ठरवता येत नाही. निदान मनोविकारतज्ज्ञच करतील, आणि यामागे नैराश्य आहे का, तेही तपासतील. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जा. मुलगा यायला तयार नसेल, तर पहिल्या भेटीला तुम्ही दोघे पती-पत्नी जाऊन या. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी असलेला ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्री-अपरात्रीही तेथे बोलता येते.

तोवर रागाच्या भरात फोन फोडू नका. बँकेचे सारे पिन बदला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंदी आली आहे, त्यामुळे पैसे नेमके कुठे गेले ते खात्याच्या उताऱ्यावरून पाहून तो उतारा डॉक्टरांना दाखवा. जगण्यात अर्थ नाही अशा आशयाचे तो काही बोलला, तर मात्र भेटीची वेळ ठरण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न: सांगलीकडच्या एका गावात संध्याकाळी भोंगा वाजतो आणि सगळे मोबाईल बंद होतात, असे वाचले. आमच्या लेआउटमध्ये साठ-सत्तर घरे आहेत. नातवंडे दिवसभर वर्गाच्या नावाखाली फोनला चिकटलेली असतात. आमच्याकडे असे करता येईल का?
(एक निवृत्त आजोबा, दिघोरी)

उत्तर: आपण वाचले ते सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव. कोरोनाच्या काळातील ऑनलाइन वर्गांनंतर मुलांचे वाचन-लेखन सुटले, हे शिक्षकांच्या लक्षात आले आणि गावाने २०२२ मध्ये हा उपक्रम सुरू केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद राहतात. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, मुले त्या वेळात अभ्यास करतात आणि मोठ्यांच्या मालिकाही त्याच वेळी बंद असतात. सुनेची मालिका आणि आपल्या बातम्या सुरू ठेवून नातवाचा फोन तेवढा बंद करायचा असेल, तर भोंगा आणण्याचा खर्च वाया जाईल.

लेआउटमधल्या साठ-सत्तर घरांचे एकमत होईपर्यंत पावसाळा उजाडेल, म्हणून आपल्या ओळीतल्या चार-पाच घरांपासून सुरुवात करावी. भोंग्याची गरज नाही. उन्हाळ्यात साडेसहाला ऊन उतरते आणि मुले तशीही बाहेर यायला तयार असतात. साडेसहा ते साडेसात सगळ्यांचे फोन, आपलाही, एका घरच्या टेबलावर ठेवावेत आणि मुलांना मोकळ्या प्लॉटवर खेळू द्यावे. दिवसभर जवळचे पाहून थकलेल्या डोळ्यांना उघड्यावर लांबचे पाहायला मिळते, हा त्यातला आणखी एक लाभ. मुलांमध्ये वाढणारा जवळदृष्टीदोष (लांबचे अंधूक दिसणे) रोखण्यासाठी डोळ्यांचे डॉक्टर मुलांना बाहेर खेळू द्या असे सांगतातच. ज्यांच्या घरी कुणी आजारी आहे त्यांना सूट द्यावी, आणि सूट मागणाऱ्यांची यादी वाढू लागली तर त्यात मुले किती आणि मोठी माणसे किती ते एकदा मोजावे. हा तास साडेसातच्या पुढे मात्र नेऊ नये. आयपीएलचा रात्रीचा सामना साडेसातलाच सुरू होतो आणि त्या वेळी पहिला फोन आपल्याच पिढीतले कुणीतरी उचलेल.